चाकं टेकल्यावर

नट सुटला. सुटला तो असा, की अंगात होतं नव्हतं ते बळ लावून पान्यावर बसलेला अनंतरावांचा हात तसाच पुढे गेला आणि गाडीच्या पोटावर आपटला. मधल्या बोटाचं सालटं निघालं. कर्वेनगरातल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या गाडीखाली, जुन्या सतरंजीवर ते उताणे पडले होते. रविवारची सकाळ होती, वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. बोट तोंडात घालून चोखताना आपल्याला लागलं आहे असं काही त्यांना वाटलं नाही. कुणीतरी फसवलं आहे असं वाटलं. सायलेन्सरचा नट असा सुटत नसतो. गाडीतला सगळ्यात आडमुठा नट तो. वरून इंजिनाची धग, खालून रस्त्यावरचं पाणी, गंजून बोल्टाशी इतका एकजीव होतो की शेवटी करवत लावावी लागते. अनंतरावांचा सगळा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात गेला होता, त्यामुळे तयारी त्यांनी रीतसर केली होती. काल संध्याकाळीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, करवतीला नवं पातं घातलं होतं, छिन्नी-हातोडा हाताशी होता. मंदाकिनीबाईंना सांगून ठेवलं होतं, "दोन-तीन रविवार तरी जातील हं यात." त्या पोळ्या लाटत होत्या. "जाऊ देत की," एवढंच म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर अनंतरावांना ते दोन-तीन रविवार जायलाच हवे होते. भांडायला काहीतरी हवं होतं, तेही हातात येईल असं. ते अर्ध्या वेढ्यात संपलं.

त्यांनी टॉर्च जवळ नेला. बोल्टाच्या आट्यांवर तांबूस ग्रीस होतं, खोबणीत अजून ओलसर. पुष्करने लावलेलं. या बोल्टाला शेवटचा हात त्याचाच लागला होता, दुसऱ्या कुणाचा लागणार? अनंतरावांची कारखान्यातली एक जुनी शिस्त होती आणि ती ते जेवताना इतक्यांदा सांगत की मायलेक ताटात बघून हसत. बोल्ट आवळण्याआधी आट्यांना ग्रीस लावायचं, कारण तो कधीतरी कुणीतरी उघडणार असतो आणि त्या बिचाऱ्याने आपलं काही वाकडं केलेलं नसतं. हे चालू असताना पुष्कर मोबाइल बघत असे. ऐकतच नाही असं वाटायचं. म्हणजे ऐकत होता. उघडणारा कोण असेल असं त्याला वाटलं असेल? तो स्वतःच, बहुधा. आणखी काही वर्षांनी, पोट सुटल्यावर, गाडीखाली सरकताना धापा टाकत. अनंतरावांनी टॉर्च बंद केला. मग दुसरा नट घेतला. या वेळी पान्यावर जोर लावलाच नाही, दोन बोटांनी ढकलला. तोही सुटला.

गाडी पंधरा वर्षांची झाली होती, हे या सगळ्याचं कारण. घेतली तेव्हा पुष्कर शाळेत होता आणि पहिल्या दिवशी मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हता. पंधरा वर्षं झाली की गाडीचं पासिंग नव्याने करून घ्यावं लागतं. ती कामं करून देणारा बिबवेवाडीचा अल्ताफ गेल्या महिन्यात येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. बॉनेट उघडून, कान देऊन म्हणाला, "काका, इंजिन एकदम झकास ठेवलंय. पण हा सायलेन्सर आणि हे खाली आणलेलं नाक, असं घेऊन गेलात तर आरटीओच्या दारातूनच परत पाठवतील. ओरिजिनल करून द्या मला. नाहीतर मग सरळ स्क्रॅपला काढा, तेही काम मीच करतो." वाईट बोलला नाही तो. त्याला काय माहीत की तो काय विचारतो आहे. पोराने गाडीत जे जे म्हणून आपलं घातलं ते काढून टाकलं तर गाडी राहणार, आणि ते ठेवलं तर गाडीच भंगारात जाणार. अनंतरावांनी त्याला चहा पाजला आणि "बघतो" म्हणाले. ते महिनाभर बघत होते. रोज सकाळी खाली येऊन खरोखरच गाडीकडे बघायचे आणि वर जायचे.

गाडी पुष्करच्या हातात गेली ती त्याला नोकरी लागल्यावर. पहिल्यांदा त्याने पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, आखूड स्प्रिंगचे घातले, आणि गाडीचं नाक चांगलं चार बोटं खाली आलं. सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं, आणि तो खर्रर्र आवाज आला की अनंतराव गॅलरीतून म्हणायचे, "आली पालखी." मग त्याने तो सायलेन्सर आणला. मोठ्या तोंडाचा, आतून जवळजवळ पोकळ. गाडी चालू झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या काचा बोलू लागत. सोसायटीचे सेक्रेटरी सलिल दीक्षित यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'ज्या सभासदांचे वाहन विमानासारखे वाजते त्यांनी लोहगावला पार्किंगची चौकशी करावी.' पुष्करने त्या फळ्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. अनंतराव मात्र चार दिवस खाली मान घालून जिना उतरत होते. "काय मिळतं तुला त्या बोंबलण्यात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला मशिनचा आवाज आवडतो ना? मला पण आवडतो." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते बरंच बोलले.

आणि मग ते रबराचं प्रकरण. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो आडवा हात असतो, लोअर आर्म, त्याच्या बोल्टांभोवती रबराची बुशं असतात. ती एकदा अनंतरावांनी स्वतः बदलली. गाडी घोड्यांवर, चाकं अधांतरी, नवं रबर बसवलं आणि बोल्ट खच्चून आवळले. दिवाळीला बसवलेलं रबर होळीच्या आत फाटलं. नाना पेठेतल्या दुकानदाराला त्यांनी डुप्लिकेट माल विकतो म्हणून दुकानात उभं राहून ऐकवलं आणि दुसरं आणून तसंच बसवलं. तेही फाटलं. तेव्हा पुष्कर म्हणाला होता, "रबराचा दोष नाही हो, बाबा. चाक लोंबत असताना आवळलं की रबर त्याच जागी पक्कं होतं. मग गाडी खाली उतरवली, वजन आलं, की त्याला कायमचा पीळ बसतो. चाकं टेकल्यावर आवळायचं. माणूस आत बसवून." कारखान्यातल्या मशिनला चाकं नसतात, जमिनीत बोल्ट मारून उभी केलेली ती धूडं. त्यामुळे ही गोष्ट अनंतरावांना जन्मात कधी कळायचं कारण पडलं नव्हतं. "मी मशिनं उघडत होतो तेव्हा तू पाळण्यात होतास," असं ते म्हणाले. पुढे कधीतरी पुष्करने ते बोल्ट सैल करून आपल्या पद्धतीने पुन्हा आवळले असणार, कारण तिसरं रबर अजून शाबूत होतं. त्यांनी मघाशीच टॉर्च मारून पाहिलं होतं.

सायलेन्सर आता नुसता रबरी कड्यांवर लोंबत होता. अनंतरावांनी त्याला पोटावर घेतला, कड्या एकेक करून सोडवल्या, आणि तो जड नळा छातीशी धरून गाडीखालून सरपटत बाहेर आले. आतून काजळीचा वास आला. हा वास पुष्करच्या शर्टांना असायचा, मंदाकिनीबाई कॉलर नाकाशी नेऊन मग बादलीत टाकायच्या. अनंतरावांनी नळा सतरंजीवर आडवा ठेवला. तेवढ्यात सलिल दीक्षित दुधाच्या पिशव्या घेऊन आले. एरवी हा माणूस पार्किंगमध्ये कुणी पाण्याचा पाइप लावला तरी नियम सांगतो. ते थांबले. नळ्याकडे बघत राहिले.

"काढलात?" ते म्हणाले.

"पासिंग आहे."

"हो का." दीक्षितांनी पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. "नाही, म्हणजे, कमिटीचं काही म्हणणं नव्हतं आता. नसता काढलात तरी चाललं असतं."

"माहितेय."

"काही लागलं तर सांगा," असं म्हणून ते गेले. त्या आठवड्यात, पुष्करला घरी आणण्याआधी, फळ्यावरची ती ओळ याच माणसाने आपल्या रुमालाने पुसली होती. अनंतरावांनी वरून पाहिलं होतं. त्यांना तेव्हा त्याचा राग आला होता, का ते आजही सांगता आलं नसतं.

साध्या तापाने गेला पुष्कर. अंग दुखतंय म्हणाला, दोन दिवस कामावर गेला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडी चालवत हॉस्पिटलमध्ये गेला, शेजारी आईला बसवून. रक्त तपासलं, ठेवून घेतलं, आणि आठवडा पुरा झाला नाही. डासाचा ताप, प्लेटलेट्स, हे शब्द पुण्यात दर पावसाळ्यात कानावर पडतात आणि लोक पपईच्या पानांचा रस सुचवतात. माणूस वर गेला आणि गाडी तिथेच खाली, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये राहिली. कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या वॉचमनचा फोन आला, की गाडी हलवा. घरात पाहुणे होते, पुतणे, भाचे, कुणीही आणली असती. पण अनंतराव उठले, रिक्षा करून गेले आणि गाडी घेऊन निघाले. तिचं नाक खाली आल्यापासून त्यांनी ती कधी चालवली नव्हती. सीट पुष्करच्या मापाने मागे सरकवलेली होती, पाय पुरेना, आणि ती पुढे घ्यायला हात धजेना. ते सीटच्या टोकावर बसून चालवत आले. सगळा कर्वे रस्ता ती गाडी त्यांच्याखाली गर्जत होती आणि लोक वळून बघत होते. हा म्हातारा काय चालवतोय असं वाटलं असेल कुणाला.

घरी काय होईल ते त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पुष्करचा आवाज नाल्याच्या पुलावरून वळताना ऐकू यायचा. तिथून फाटकापर्यंत, पार्किंग, जिना, एवढ्या वेळात मंदाकिनीबाई तवा तापवायच्या, आणि तो हात धुऊन येईपर्यंत पहिली पोळी ताटात पडायची. रोजचं होतं ते. घड्याळाकडे त्या बघतच नसत, "येऊ दे आवाज" म्हणायच्या. त्या दिवशी अनंतराव जिना चढून आत आले तेव्हा बायका जाजमावर बसलेल्या होत्या, कुणी हुंदका देत होतं, आणि मंदाकिनीबाई त्यांच्यात नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅस पेटवलेला होता. तव्यातून धूर निघत होता. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं, दारात अनंतराव दिसले, आणि अनंतरावांनी त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते त्यानंतर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपण दारात उभे आहोत याची त्यांना लाज वाटली. बाकी काहीच नाही, नुसती लाज. मंदाकिनीबाईंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "तुम्ही होय."

तेव्हापासून गाडी रस्त्यावर गेली नव्हती. बॅटरी उतरू नये म्हणून अनंतराव रविवारी ती जागच्या जागी चालू करायचे. त्या वेळी वर काय होतं हे त्यांना दिसत नसे. पण एका रविवारी सर्दीमुळे ते खाली गेले नाहीत, तर अकराच्या सुमाराला मंदाकिनीबाई खोलीत येऊन उभ्या राहिल्या, इकडची वस्तू तिकडे केली, आणि म्हणाल्या, "आज गाडी नाही का चालू करायची?" ते स्वेटर घालून खाली गेले. यावर दोघं कधी बोलली नाहीत. बोलण्याची सवयच मोडली होती. भाजी कुठली, औषध घेतलं का, दार लावलं का, यावर घर चाललं होतं. अल्ताफ येऊन गेल्यावर मात्र सांगणं भाग होतं. सगळं ऐकून घेऊन मंदाकिनीबाईंनी विचारलं, "नाही बदललं तर?"

"मग भंगारात."

त्यांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाल्या, "माळ्यावर आहेत जुने सगळे. गणपतीच्या मखरामागे, पोत्यात. विकत आणत बसू नका."

अनंतरावांना वाटत होतं की पुष्करने ते केव्हाच विकून टाकले. पोतं खाली काढलं तर मूळचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंगांसकट, आणि मूळचा सायलेन्सर, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तेल लावून पुसून ठेवलेलं. गंजाचा ठिपका नाही. परत बसवायचं म्हणूनच ठेवलेलं.

दुपारपर्यंत दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले. सगळे नट तसेच निघाले, दोन बोटांनी. प्रत्येक नटाला अनंतराव मनात म्हणत होते, जरा थांब, जरा धरून ठेव. पण पोराने काम चोख केलं होतं, कुठे अडायला जागा ठेवली नव्हती. काढलेले आखूड स्प्रिंगचे शॉकॲब्सॉर्बर त्यांनी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळले. जुना सायलेन्सर जागी बसवला. बोल्टाच्या आट्यांना ब्रशने ग्रीस लावलं, आणि लावता लावता ब्रश थांबला. हे आता कुणासाठी? पुन्हा पासिंग येईल तेव्हा आपण नसू, आणि आपल्यामागे या गाडीखाली सरकणारं कुणी नाही. ब्रश कोरडा नव्हता, ग्रीसचा एक थेंब त्यांच्या गालावर पडला. त्यांनी उरलेले आटेही पूर्ण भरले आणि नट चढवला.

राहिले फक्त लोअर आर्मचे बोल्ट. गाडीची उंची बदलली म्हणजे ते सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळायला हवेत. सैल करून झाले. पाना हातात होता, चाकं अधांतरी होती, आणि सवयीने त्यांचा हात आवळायला निघालाच होता. त्यांनी तो मागे घेतला. जॅक लावून घोड्या काढल्या, खाली शिरायला जागा राहावी म्हणून चाकांखाली पुष्करचे लाकडी ठोकळे सरकवले आणि गाडी हळूहळू त्यांवर टेकवली. नाक वर आलं होतं. गाडी एकदम म्हातारी, सभ्य दिसायला लागली, घेतली तेव्हा होती तशी. आता माणूस आत बसवायला हवा. अनंतरावांनी पार्किंगमध्ये इकडेतिकडे पाहिलं. दीक्षितांना हाक मारावी का, असा विचार करत ते हात पुसत होते, तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

मंदाकिनीबाई होत्या. पदर खोचलेला, हाताला कणीक. गॅलरीतून त्यांनी गाडी टेकलेली पाहिली असणार. चालकाच्या बाजूचं दार उघडून त्या आत बसल्या. सीट अजून मागेच होती. त्यांचे पाय कुठेच पोचत नव्हते.

"आवळा," त्या म्हणाल्या.

"तुला काय ठाऊक?"

"मीच बसायची. तुम्ही हास्यक्लबला गेलात की बोलवायचा. म्हणायचा, आई, वजन म्हणून बस. हलू नकोस हं, अजिबात हलू नकोस." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मी म्हणायची, अरे, पोळ्या राहिल्यात. तर म्हणायचा, पाचच मिनिटं. मग गाडीखालून गप्पा मारत बसायचा."

"कसल्या?"

"कसल्याही."

अनंतराव खाली सरकले. त्यांनी एकेक बोल्ट आवळला, अगदी सावकाश, हाताला लागेल तेवढाच. डोक्यावर, पत्र्याच्या पलीकडे, आपली बायको बसली आहे हे त्यांना कळत होतं. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं. पुष्कर काय बोलत असेल? त्यांना एकही विषय सुचला नाही. शेवटचा बोल्ट झाला.

मग ते बाहेर आले, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, खिडकीतून आत वाकून किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. नळ्याला कान लावला, कुठे फुसफुसत नव्हतं. जोड पक्का बसला होता. इतकं स्वच्छ काम आयुष्यात थोड्याच वेळा होतं, आणि अनंतरावांना ते कळत होतं.

मंदाकिनीबाई समोरच्या काचेतून बाहेर बघत वाट पाहत होत्या.

"चालू करा ना," त्या म्हणाल्या.

"चालूच आहे, मंदा."

त्यांनी अनंतरावांकडे पाहिलं. खोटं बोलताय, असं काहीसं होतं त्या बघण्यात. मग कणकेचा हात उचलून त्यांनी तो स्टिअरिंगवर ठेवला. तिथे ते कळत होतं, बारीक, एकसारखं थरथरणं. हात तिथेच राहिला.

"मग आता आलेला कळायचा कसा?" त्यांनी विचारलं.

अनंतराव खिडकीला धरून उभे राहिले. गाडी चालू होती. स्टिअरिंगवर हात ठेवून मंदाकिनीबाई तशाच बसून होत्या, वजन म्हणून बसवल्यासारख्या, अजिबात न हलता.